सहाव्या बाईची कहाणी

“आटपाट नगर होतं,” आई म्हणाली आणि तळहातावर कोमट तेल घेतलं. “तिथे एक बाई होती. नवरा वकील, पोरं चार. बाई कादंबऱ्या लिहायची. कुठे बसून लिहायची? स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दार लागत होतं का? दारच नव्हतं. पोरं कोण बघत होतं? तीच बघत होती. म्हणून कादंबऱ्या तीनच झाल्या, त्यातली तिसरी घाईत उरकलेली. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. चल ग बाई, आता उताणी हो.”

आई न्हाणीघराच्या फरशीवर पाय पसरून बसली होती आणि तिच्या नडग्यांवर नीरजा पालथी पडली होती. तीन महिन्यांची. आईने तिला एका हाताने सहज उलटवलं. मी दाराला टेकून उभी होते. त्या दिवसांत मी जिथे उभी राहीन तिथे कशाला तरी टेकायची.

“ही कितवी?” मी विचारलं.

“चौथी. पाचवी उद्या. ती जरा बरी आहे, तिच्याकडे पैसे होते.”

आई माझ्या बाळंतपणाला सांगलीहून आयोवाला आली होती. येताना डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, बाळाच्या धुरीसाठी ओवा आणि एक विळी. धुरी पहिल्याच दिवशी बंद झाली. छताचा भोंगा कोकलायला लागला आणि खालच्या मजल्यावरचा माणूस अनवाणी वर धावत आला. विळी मात्र शेवटपर्यंत वापरात होती.

आईने बत्तीस वर्षं मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. तरुणपणी तिने अमेरिकन कादंबरीकार स्त्रियांवर प्रबंध लिहायला घेतला होता. मुंबईच्या एका लायब्ररीतून पोस्टाने पुस्तकं मागवायची, मुदत संपायच्या आत वाचून परत पाठवायची. मग दादा झाला, मी झाले, आजी अंथरुणाला खिळली, आणि पुस्तकं मागवणं थांबलं. निवृत्त झाल्यावर सांगलीतल्या एका लहान प्रकाशकाने तिला त्याच विषयावर सोपं पुस्तक मागितलं. अमेरिकेतल्या सहा लेखिका, त्यांचं आयुष्य आणि त्यांचं लेखन. पाच लिहून झाल्या होत्या. सहावी राहिली होती.

सहावी म्हणजे ऑगस्टा ब्रिमली. आमच्या घरापासून दोन तासांवर, हार्लन क्रीक नावाच्या गावात तिचं घर होतं. नदीवर नाव चालवणाऱ्या विधवेची तिची कादंबरी आईला जवळजवळ पाठ होती. अकरा कादंबऱ्या, पाच मुलं. आईचे प्रत्येक लेखिकेबद्दलचे प्रश्न ठरलेले असत. कुठे बसून लिहायची, दार लागत होतं का, पोरं कोण बघत होतं. ऑगस्टाबाईंच्या बाबतीत पहिल्या दोनांची उत्तरं होती. वरच्या मजल्यावरची खोली, आणि दार आतून कडी लावून बंद. तिसऱ्याचं उत्तर आईला कुठल्याच चरित्रात सापडलं नव्हतं.

“मुलांचं बालपण सुखात गेलं, असं सगळीकडे लिहिलंय,” आई म्हणायची. “म्हणजे कुणीतरी ते सुखात घालवलं असणार ना?”

सप्टेंबरच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याने, निशिकांतने, जेवताना विषय काढला. त्याला असे विषय हलक्या आवाजात काढता येतात, म्हणून ते काम त्याच्याकडे होतं.

“आई, आम्ही म्हणत होतो, तुमचा मुक्काम एप्रिलपर्यंत वाढवू या का? अर्ज केला की सहा महिने आणखी मिळतात.”

आईने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

“बोलला होतात मागे.”

“तुम्ही काही म्हणाला नाहीत.”

“आधी मला ते घर दाखवा. मग सांगते.”

“म्हणजे लाच मागताय!”

“लाच नाही हो जावईबापू, भाडं. फुकट राहते म्हणून फुकट राबवायचं ठरवलंय काय?”

निशिकांत हसला. मीही हसले असेन. पण आई हो म्हणेल की नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मक्यावरच्या तांबेऱ्यावर काम करत होते. चार वर्षं मी त्या बुरशीचे बीजाणू वाढवत, मोजत आणि गोठवत आले होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी रुजू झाले नाही तर काम दुसऱ्याला द्यावं लागेल, असं प्राध्यापकांनी सौम्य शब्दांत सांगितलं होतं. इतक्या लहान बाळांना घेणारं पाळणाघर एकच होतं आणि तिथे वसंत ऋतूपर्यंत जागा नव्हती. हे सगळं आईला माहीत होतं. मी कधी तिच्यापुढे बोलले नव्हते, पण दोन खोल्यांच्या घरात सगळ्यांना सगळं ऐकू येतं.

हार्लन क्रीकचं घर सप्टेंबर संपला की हिवाळ्यासाठी बंद व्हायचं. आम्ही शेवटच्या शनिवारी गेलो. निशिकांतला कामावर जायचं होतं, म्हणून गाडी मी चालवली. आई मागे नीरजाजवळ बसली. तिने निळी इरकल नेसली होती, त्यावर माझं थंडीचं जाकीट आणि पायात माझेच बूट, आत दोन मोजे घालून. मांडीवर थर्मास. दोन्ही बाजूंना वाळलेला मका उभा होता, आणि तो संपतच नव्हता. मी रात्रभरात तीनदा उठले होते. झोप येऊ नये म्हणून खिडकी जराशी उघडी ठेवली होती.

“हेमा, झोप येत असली तर थांब कुठेतरी.”

“नाही येत.”

“खोटं बोलतेस. तुझी मान बघ.”

“आई, तू ठरवलंस का काही?”

“घर बघू दे की आधी,” आई म्हणाली आणि खिडकीतून मका बघत राहिली.

घर लाकडी, पांढरं, दुमजली होतं. आमच्याशिवाय कुणीच आलं नव्हतं. घर दाखवायला लॉरेन नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या, स्वेटरवर ऑगस्टा ब्रिमलीच्या चेहऱ्याचा बिल्ला लावलेल्या. आई भारतातून आली आहे आणि ऑगस्टावर लिहिते आहे हे ऐकून त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले. आईचं इंग्रजी पुस्तकी होतं. तिच्या वाक्यांतले पूर्णविराम ऐकू यायचे.

खालच्या खोल्या झाल्या. बैठकीची खोली, जेवणाचं टेबल, मग मागचं स्वयंपाकघर. तिथे लोखंडाची मोठी चूल होती. आई चुलीपाशी थांबली आणि तिने विचारलं, “त्यांच्या मुलांकडे कोण बघत असे?”

“तिची आई,” लॉरेनबाई चटकन म्हणाल्या. त्यांना हा प्रश्न सोपा वाटला. “इथेच राहायची ना ती. ही मागची लहान खोली तिची. पहिल्या बाळंतपणाला म्हणून आली होती थोडे दिवस. मग राहिलीच. एकोणीस वर्षं!”

मी नीरजाच्या टोपीची नाडी नीट करायला लागले. ती नीटच होती.

“त्यांचं नाव काय?” आईने विचारलं.

लॉरेनबाईंनी आठवून पाहिलं. बिल्ल्यावर बोट ठेवून आठवून पाहिलं. “सगळे तिला ग्रँडमा म्हणायचे. आम्हीही तसंच म्हणतो.”

आईने मान हलवली. पुढचा प्रश्न चुलीबद्दल होता, एका वेळी किती माणसांचं व्हायचं तिच्यावर. त्याचं उत्तर लॉरेनबाईंना येत होतं. चौदा.

वरचा जिना अरुंद आणि उभा होता. कडेवर मूल घेऊन वर जायला मनाई होती, विम्याचा नियम होता. लॉरेनबाई पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या.

“मग आळीपाळीने जाऊ,” मी म्हणाले. “आई, आधी तू.”

नीरजाने तोंड वाकडं केलं आणि रडायला सुरुवात केली. आईने तिला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं आणि थोपटायला लागली.

“तूच जा. मी हिला बाहेर फिरवून आणते.”

“अगं, तुझ्यासाठी आलोय आपण. मी तर या बाईचं एक पान वाचलेलं नाही.”

“म्हणूनच जा. काय दिसतं ते बघून ये. तुझी नजर सूक्ष्मदर्शकाची आहे, माझी भाबडी.”

“आई, तिला मी धरते, तू...”

“हेमा, जा म्हणते ना.”

हा तिचा वर्गातला आवाज होता. मी गेले.

खोली लहान होती. पूर्वेच्या भिंतीला एक खिडकी, तिच्यापुढे टेबल, एक खुर्ची, भिंतीला पुस्तकांची उघडी फळी. टेबलाच्या उजव्या कडेचं रंगकाम झिजून लाकूड दिसत होतं, जिथे हात टेकत असेल तिथे. दाराला आतून कडी होती, जाडजूड. लॉरेनबाईंनी दार लोटून दाखवलं आणि खालचं रडणं एकदम बंद झालं. नीरजा गप्प झाली असेल असं मला वाटलं. पण त्यांनी दार उघडलं तेव्हा ते पुन्हा ऐकू आलं. दार चांगलं होतं.

“रोज सकाळी सात ते एक,” लॉरेनबाई म्हणाल्या. “कुणीही वर यायचं नाही. आणि आता गंमत बघा.”

खिडकीच्या चौकटीला एक कप्पी बसवलेली होती, तिच्यातून दोरी, दोरीला वेताची टोपली. अकरा वाजले की ऑगस्टा टोपली खाली सोडायची. तिची आई टोपलीत चहा आणि बिस्किटं ठेवायची. एक शब्द बोलावा लागत नसे. “एकोणीस वर्षांत एकदाही चहा चुकला नाही, असं ऑगस्टाने स्वतः सांगितलंय. शाळेच्या मुलांना हे फार आवडतं. तुम्ही सोडून बघा ना!”

मला खुर्चीत बसायचं होतं, बाकी काही नको होतं. त्यांनी बसा म्हटलं आणि मी बसले. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. सफरचंदाचं एक झाड, गवत, आणि गवतातून नीरजाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारी आई. माझे बूट तिला मोठे होत होते, म्हणून ती पाय जरा ओढून चालत होती. झाडापाशी गेली की ती थांबायची, जमिनीकडे बघायची आणि परत फिरायची. नीरजाचं रडणं हळूहळू कमी होत गेलं.

मी टोपली सोडली. कप्पी करकरली. आईने वर पाहिलं.

लॉरेनबाईंनी वरूनच मोठ्याने तिला टोपलीची गोष्ट सांगितली. आई ऐकत उभी राहिली. मग ती अंगणातल्या बाकाकडे गेली, नीरजाला डाव्या हातावर तोलून उजव्या हाताने तिथे ठेवलेला थर्मास उघडला, त्याच्या झाकणात चहा ओतला. तो कप टोपलीत ठेवला आणि वर नीरजाचं धुतलेलं लाळेरं झाकलं. दोरीला एक लहानसा हिसका दिला. म्हणजे, ओढ.

मी टोपली जपून ओढली. चहा सांडला नाही. आल्याचा होता, अजून कढत. लॉरेनबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि त्या मला एकटीला सोडून खाली गेल्या. मी दार लोटून घेतलं.

नीरजा झाल्यापासून मी गरम चहा प्यायले नव्हते. आई करून द्यायची, पण तो हातात येऊन तोंडाला लागेपर्यंत काहीतरी व्हायचं. इथे काही झालं नाही. मी सावकाश प्यायले. टेबलाच्या झिजलेल्या कडेवर माझा हात बरोबर बसत होता. मला वाटलं, असंच बसून राहावं. पहिलं बर्फ पडेपर्यंत, घर बंद करायला माणसं येईपर्यंत, कुणी काही विचारू नये. खाली आई फेऱ्या घालत होती आणि मला तिची काळजी वाटत नव्हती. नीरजाचीही नाही. त्या दोघी तिथे होत्या, म्हणजे सगळं ठीकच होतं. कप रिकामा झाला तरी मी उठले नाही.

उठून खाली गेले तेव्हा बराच वेळ झाला होता. आई बाकावर बसली होती. नीरजा तिच्या मांडीवर गाढ झोपली होती.

“आता तू जा,” मी म्हणाले. “मी बसते हिच्यापाशी.”

“नको. निघू या.”

“अगं, असं काय करतेस? तीस वर्षं वाट बघितलीस ना या खोलीची?”

“खिडकी खालून दिसते की,” आई म्हणाली. “वरून काय दिसत होतं?”

“टेबल आहे, पुस्तकं...”

“खोलीतलं नाही विचारत. खिडकीतून.”

“तुम्ही दोघी.”

“हं.” आई उठली. नीरजाला माझ्या हातात देताना तिने मानेने सफरचंदाच्या झाडाकडे खूण केली. “ते बघून ये. मग जाऊ.”

झाडाच्या मुळाशी गवतात एक बुटका दगड होता. मला आधी तो पायरीचा वाटला. त्यावर इंग्रजीत एकच शब्द कोरलेला होता, आई. खाली वर्ष होतं. नाव नव्हतं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. तोच मका आता दुसऱ्या बाजूने दिसत होता. मी आरशातून आईकडे पाहत होते. ती झोपलेली नव्हती.

“मी तिकिटाच्या तारखेलाच जाते, हेमा,” ती म्हणाली. “मुक्काम नको वाढवायला.”

मी गाडी चालवत राहिले. समोरच्या ट्रकपासून किती अंतर ठेवायचं ते नीट सांभाळत होते.

“माझं काम जाईल,” मी म्हणाले.

“माहिती आहे मला.”

“सहाच महिने म्हणतोय आम्ही. एकोणीस वर्षं नाही.”

“तीही थोडेच दिवस आली होती.”

“आई, मी तुला चहा मागितला नव्हता. टोपली त्या बाईंनी सोडायला लावली.”

“तू मागितलास कुठे? मीच ठेवला. बाकापर्यंत कशी गेले, थर्मास कधी उघडला, मला कळलंसुद्धा नाही. कप टोपलीत ठेवून झाल्यावर बघितलं मी.” तिने नीरजाचं पांघरूण सारखं केलं. “मला येतं गं ते. फार चांगलं येतं. अजून सहा महिने केलं तर दुसरं काही येणार नाही.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडणं नव्हतं. थकल्यावर मला तेव्हा कशानेही पाणी यायचं. आईने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

ती ऑक्टोबरच्या मध्याला गेली. जाण्याआधी महिन्याभराचं मेतकूट, लाडू, कापून शिवलेली दुपटी, सगळं करून ठेवलं. प्रयोगशाळेतलं माझं काम विस्कॉन्सिनहून आलेल्या एका मुलाकडे गेलं. त्याने ते चांगलं केलं, त्याचे निबंध मी वाचले आहेत. नीरजा वर्षाची झाल्यावर मी बियाणं तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत लागले आणि अजून तिथेच आहे. बीजाणू तिथेही मोजायचे असतात. आईवर मी रागावले होते का, हे निशिकांतने त्या हिवाळ्यात दोन-तीनदा विचारलं. मला खरंच सांगता आलं नाही. रागवायलाही झोप झालेली असावी लागते.

पुस्तक दीड वर्षाने आलं. सहावं प्रकरण सगळ्यात लहान आहे. सांगलीत बसून आईने हार्लन क्रीकच्या चर्चला, तालुक्याच्या कचेरीला, लॉरेनबाईंना मेल पाठवले. शेवटी चर्चच्या एका कारकुनाने तिला त्या ग्रँडमाचं नाव शोधून कळवलं. प्रकरणाचं नाव ऑगस्टा ब्रिमली नाही. ‘हेप्झिबा कोल’ आहे. प्रकाशक म्हणाला, हे नाव कुणालाच माहीत नाही. आई म्हणाली, म्हणूनच छापा.

पण मला आठवते ती त्या दिवशीची गाडी. गाव जवळ आलं होतं, ऊन उतरलं होतं. नीरजा जागी झाली आणि कुरकुरायला लागली. आईने माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि तिच्या पोटावर ठेवला.

“आटपाट नगर होतं,” ती म्हणाली. “तिथे एक म्हातारी होती. तिला एक लेक होती. लेक वरच्या माडीवर बसून लिहायची. म्हातारी खाली पोरं बघायची. रोज सकाळी माडीवरून टोपली यायची. म्हातारी तिच्यात चहा ठेवायची. एक वर्ष झालं, दोन वर्षं झाली, दहा वर्षं झाली. एक दिवस काय झालं? टोपली खाली आली. म्हातारीने कप भरला. टोपलीकडे बघितलं. आणि कप घेऊन बसली आपली झाडाखाली.”

नीरजा गप्प होऊन ऐकत होती.

“वरून लेकीने दोरी हलवली. म्हातारी उठली नाही. लेकीने हाक मारली. म्हातारी म्हणाली, चहा झालाय गं. खाली ये आणि माझ्याबरोबर पी.”

सिग्नल लाल झाला. मी गाडी थांबवली आणि आरशात पाहिलं.

“मग?” मी विचारलं. “आली का ती?”

“कोण जाणे,” आई म्हणाली. “थर्मासमध्ये अजून थोडा आहे. घरी गेल्यावर घेऊ.”